तीन एकर वीस गुंठे

माझी भाची कर्नाटकातल्या कमलनगरात घरी बसून बंगळूरच्या एका कंपनीचं काम करते. तिच्या गटात आधी सहाजण होते. कोड लिहिणारं एआय आल्यावर तिच्यासह दोघे उरले, आणि महिनाअखेरीला त्यांतला एकच ठेवायचं ठरलं होतं. दोघांचं कामही बदललं होतं. यंत्रानं लिहायचं, यांनी वाचायचं.

मे महिन्यात मी बहिणीकडे गेलो होतो. भाची एक ॲप तपासत होती. शेत किती ते भरलं, की बी किती लागेल ते सांगणारं. यंत्रानं ते अर्ध्या दिवसात लिहिलं होतं आणि सगळ्या चाचण्यांत ते पास झालं होतं. चाचण्याही त्यानंच लिहिल्या होत्या.

"सोताच पेपर काढला, सोताच तपासला?" तिचे वडील, म्हणजे माझे दाजी, म्हणाले. "आमच्या शाळंत ही सोय आसती तर म्याबी पहिला आलो आसतो."

"अप्पा, मला काम करू द्या."

"कर की. म्या कुठं धरायलोय तुला?" असं म्हणून ते खुर्ची ओढून शेजारीच बसले.

त्यांना गप्प करायला तिनं त्यांच्याच शेताचा आकडा घातला, पहाणीच्या, म्हणजे तिकडच्या सातबाराच्या, उताऱ्यावर असतो तसा: ३.२०. एकरी तीस किलो सोयाबीन. उत्तर आलं, शहाण्णव किलो.

"नऊ किलो कुठं गेलं?"

भाचीनं गुणाकार पुन्हा केला. बरोबर होता.

"पोरी, तीन एकर वीस गुंठे म्हंजे साडेतीन एकर. चाळीस गुंठ्याचा एकर आसतो. ह्यानं माझे बारा गुंठे कामून खाल्ले?"

यंत्रानं गुंठ्यांचे दशांश केले होते. भाची त्याच शेतात वाढलेली, पण पडद्यावर तिनंही ते तसेच वाचले होते. हे तिनं कबूल केलं नाही. दाजी नुसते हसले.

चूक सांगितल्यावर यंत्रानं ती लगेच दुरुस्त केली, वर माफी मागितली. भाचीनं ती चूक कंपनीलाही कळवली. तिसऱ्या दिवशी कंपनीनं भाचीला ठेवल्याचं कळवलं. पत्रात तिच्या स्थानिक जाणकारीचं कौतुक होतं.

"जाणकारी माझी, पगार तुला," दाजी म्हणाले. "आन् काम काय, तर राखण. पीक त्याचं, पाखरं हाकायची तू."

दुसऱ्या सहकाऱ्याला त्याच सकाळी कमी केलं होतं. कोड तो तिच्यापेक्षा चांगला लिहायचा; त्याच्या घरी शेत नव्हतं. हे तिनं मला सांगितलं, दाजींना नाही. त्यांच्याकडून पहाणीचा उतारा तेवढा मागून घेतला आणि संगणकाच्या वर भिंतीला चिकटवला.