दहा वर्षांची अट आणि फिलू सिस्टर

फिलू सिस्टर भेटल्या की नमस्कार करायच्या नाहीत, नाडी बघायच्या. समोरच्याचं मनगट धरायचं, झग्यावर उलटं टाचलेलं घड्याळ बघायचं, ओठ हलवत मोजायचं आणि मग म्हणायचं, "हं, आता बोला." माझी नाडी त्यांनी पहिल्यांदा अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात बघितली. मी नुकताच नाशिक सोडून दोह्यात नोकरीला लागलो होतो, आणि मसईदच्या पुढे समुद्राकाठी आमच्या कंपनीच्या क्लबचा कॅम्प लागायचा तिथे बायकोमुलीला घेऊन पहिल्यांदाच गेलो होतो. मुलीच्या पायात शिंपला घुसला म्हणून मी ओरडत धावलो. सिस्टरांनी मुलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आधी माझा हात धरला. "एकशे बारा. पोरीला काही झालेलं नाही, भाऊ, तुम्हीच आधी बसा." मग त्यांनी शिंपला काढला, आणि मुलगी थँक्यू म्हणाल्यावर "मराठीत म्हण" म्हणून तिला दटावलं.

सिस्टर म्हणजे नर्स, मठातली नव्हे. फिलोमिना डाबरे, वसईच्या. दोह्याच्या सरकारी इस्पितळात पंचवीसेक वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात. लग्न केलेलं नव्हतं. का, हे विचारायची माझी छाती झाली नाही. सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "वेळ नाही मिळाला बाय, सारख्या दुसऱ्यांच्या बायका बाळंत होत होत्या."

कॅम्पवर त्यांची एक कॅरवॅन होती. चाकांवरचं घर, गाडीमागे जोडून न्यायचं. आमच्या कंपनीतला एक इंग्रज साहेब नोकरी सोडून गेला तेव्हा त्याने ती सिस्टरांना देऊन टाकली, कारण त्याच्या बायकोचं अवघड बाळंतपण त्यांनी निभावलं होतं. त्या नात्याने क्लबनेही त्यांना पाहुण्या सभासद करून घेतलं. नोव्हेंबर ते मार्च दर शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमधला मिस्सा उरकला की कुणाच्या तरी गाडीत बसून त्या यायच्या, आणि दुपारपर्यंत त्यांच्या दारात हामूर माशाच्या कालवणाचा वास सुटायचा. मी तिथे किती शुक्रवार जेवलो याचा हिशेब देवाकडे असेल.

कॅरवॅनला त्या 'म्हातारी' म्हणायच्या. दाराच्या आत खिळ्याला इस्पितळातला केसपेपर लावलेला असायचा. पेशंटचं नाव: म्हातारी. चाकातली हवा, टाकीतलं पाणी, गॅस, सगळ्याची नोंद आठवड्याच्या आठवड्याला. खाली तक्रारी: 'मागच्या डाव्या चाकाला संधिवात. तेल दिले. आराम आहे.' मी इन्स्पेक्शन इंजिनियर. आमच्या कंपनीतल्या पंपांचे कागदही इतके नीट नसायचे, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या कंपनीत येऊन आम्हाला झापून गेल्या असत्या.

आता माझ्या गाढवपणाची गोष्ट. दोन हजार एकच्या हंगामाआधी क्लबच्या कमिटीत मला घेतलं. अध्यक्ष कपूरसाहेब, दिल्लीचे, आवाज मोठा, त्याहून मोठी त्यांची नवी कोरी कॅरवॅन. आदल्या वर्षी कुणीतरी एक गंजलेलं धूड कॅम्पवर टाकून मायदेशी निघून गेलं होतं, त्यामुळे ते चिडलेले. "देवरे, कुछ रूल बनाओ," म्हणाले. मी समोशाचा दुसरा घास तोंडात असताना नियम लिहिला. आमच्या खात्यात सवयच तशी, प्रत्येक यंत्राच्या नावापुढे आयुष्य लिहायचं आणि ते संपलं की यंत्र बाद. दहा वर्षांहून जुन्या कॅरवॅनला प्रवेश नाही. खाली माझी सही. सगळे म्हणाले, छान, आणि चहा आला.

म्हातारी एकोणऐंशी सालची होती. मला ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही, केसपेपरवर पहिल्याच ओळीत लिहिलेलं होतं. पण इतकी स्वच्छ, पडदे कडक इस्त्रीचे, भांडी लखलखीत. माझ्या डोक्यात ती जुनी नव्हतीच मुळी. सूचनाफलकावर कागद लागला, आणि संध्याकाळी सुनंदाने विचारलं, "अहो, मग फिलू सिस्टरांचं काय?" तेव्हा माझ्या हातातला घास ताटात पडला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या नर्सेस होस्टेलवर गेलो. पुरुषांना फाटकाच्या आत जायची बंदी, त्यामुळे आम्ही वॉचमनच्या खोलीशेजारी उभे राहून बोललो. मला वाटलं होतं, रागावतील. त्यांनी नाडीसुद्धा बघितली नाही, त्यावरून मी काय ते समजलो.

"भाऊ, इथं आठ वाजता फाटक बंद," त्या म्हणाल्या. "माझ्या खोलीची दुसरी चावी वॉर्डनकडे. मी ड्यूटीवर गेले की ती दार उघडून पंखा चालू राहिलाय का बघते, कपाटसुद्धा बघते. वसईला भावांच्या घरात माझी म्हणून एक खोली आहे. तिच्यात तांदळाचं पिंप आहे, पोरांच्या सायकली आहेत, आणि दाराला कडी नाही. पंचावन्न वर्षांची झाले. या जगात एकच दार आहे, ज्याची चावी फक्त माझ्याकडे असते. ते तुम्ही बाद केलंत."

मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी वॉचमनकडे बघत राहिलो. नियम बदलून घेतो म्हटलं. "घ्याच," त्या म्हणाल्या, आणि फाटकातून आत गेल्या.

नियम लिहायला समोसा पुरला होता, बदलायला महिना गेला. कपूरसाहेब ऐकेनात. "रूल इज रूल. और रूल आपने लिखा है, देवरे." हे वाक्य त्यांनी तीनदा ऐकवलं. शेवटी मी सिस्टरांना म्हटलं, तुम्हीच या बैठकीला. पाहुण्या सभासदांना बैठकीत बसता येत नाही, हा आणखी एक नियम. सुदैवाने तो मी लिहिलेला नव्हता.

त्या ड्यूटीवरूनच आल्या, गणवेशात, हातात रक्तदाब मोजायचं यंत्र. कुणी काही म्हणायच्या आत कपूरसाहेबांना विचारलं, "साब, उमर?" बावन्न. "बाही वर." नर्सने बाही वर म्हटलं की माणूस बाही वर करतो, अध्यक्ष असला तरी. पट्टा आवळला गेला, सिस्टरांनी हवा सोडली, भुवया वर केल्या आणि आकडा सांगितला. तो आकडा इथे लिहीत नाही, कपूरसाहेबांचा मान राखायला हवा. मग कोपऱ्यातले खजिनदार, अठ्ठावन्न वर्षांचे, कमिटीतले सर्वांत वडील, काठीसारखे सडपातळ. त्यांचा दाब पोराटोरांसारखा निघाला.

"अब बोलिए," सिस्टर हिंदीत म्हणाल्या, "उमर देखके निकालना है तो पहले किसको निकालें? उमर कार्ड पे होती है साब, बीमारी अंदर. पहले जाँच करो."

खजिनदार इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग कपूरसाहेबही, जरा नाइलाजाने, हसले. ठरलं असं की येत्या शुक्रवारी कॅम्पवर सगळ्याच कॅरवॅन तपासायच्या, जी नापास होईल ती बाहेर, वय काही का असेना. तपासणार कोण, तर देवरे.

तो शुक्रवार मी जन्मात विसरणार नाही. सिस्टर माझ्यामागून वॉर्डात फिरल्यासारख्या फिरत होत्या, आणि मी ब्रेक, दिवे, वायरी बघत होतो. कपूरसाहेबांच्या नव्या कोऱ्या कॅरवॅनच्या गॅसच्या नळीला साबणाचं पाणी लावलं, तर बुडबुडेच बुडबुडे. सिस्टरांनी हळूच त्यांची नाडी धरली आणि म्हणाल्या, "नळी बदलली की होईल पास, टेन्शन मत लो." त्या माणसाने नंतर, सिस्टर दोह्यात होत्या तोवर, त्यांच्याच सल्ल्याने औषधपाणी केलं.

शेवटी म्हातारी. नळी नवी, वायरी नीट, फरशी ठणठणीत. मी सुटकेचा श्वास घेणार, तेवढ्यात मागच्या डाव्या चाकाच्या टायरला आतल्या बाजूने बारीक भेगा दिसल्या. वरून कळत नव्हत्या, जमिनीवर आडवं झाल्याशिवाय दिसल्या नसत्या. मी आडवाच राहिलो. डोक्यात आलं, सोडून द्यावं, कोण बघतंय. वरून आवाज आला, "काय सापडलं?"

"टायर गेलाय," मी म्हटलं.

"मग लिहा. माझा पेशंट आहे म्हणून खोटं लिहाल तर पुन्हा माझ्या दारात जेवायला येऊ नका."

मी 'नापास' लिहिलं. त्यांनी कागद नीट वाचला, घडी घातली, आणि पुढच्या शुक्रवारी दोह्याच्या अल मन्सूरातल्या एका टायरवाल्याला गाडीसकट कॅम्पवर हजर केलं. नवा टायर बसला, म्हातारी पास झाली, आणि दहा वर्षांच्या नियमावर मी माझ्याच हाताने रेघ मारली. त्या दिवशी कालवण जरा तिखट होतं. सिस्टर म्हणाल्या, तुमच्या पापाच्या मानाने कमीच आहे.

पुढची पाच वर्षं म्हातारी पहिल्या रांगेत उभी राहिली. मग दोन हजार सहात सिस्टर साठ वर्षांच्या झाल्या आणि इस्पितळाचं पत्र आलं. साठ पूर्ण, सेवा समाप्त, परतीचं तिकीट. मी तावातावाने म्हणालो, "चला, इस्पितळातही तपासणी मागू. तुमचा दाब तर माझ्यापेक्षा बरा आहे." त्या हसल्या. "भाऊ, रात्रपाळी झाली की हल्ली गुडघे बोलतात. मी आडवी होऊन बघितलंय. टायर गेलाय."

फक्त म्हातारीला वसईला न्यायची त्यांची फार इच्छा होती. बंदरावरच्या एका एजंटाकडे आम्ही दोघं गेलो. त्याने कागद बघितले आणि मान हलवली. "इंडिया में तीन साल से पुरानी गाडी नहीं लेते, सिस्टर." त्या इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं, आणि मग मला कळलं की ते नुसतं हसण्याचं नव्हतं. मी रुमाल दिला. "खलास," त्या म्हणाल्या, "इथे दहा, तिथे तीन."

म्हातारी त्यांनी होस्टेलमधल्या दोन तरुण मल्याळी नर्सना दिली. कपूरसाहेब विकत घ्यायला तयार होते, दिली नाही. विमानतळावर आम्ही बरीच मंडळी गेलो होतो. एकेकाची नाडी बघत त्या आत गेल्या. सुनंदा रडली. मी रडलो नाही, माझी नाडी बघायची राहून गेली म्हणून भांडत बसलो, आणि त्या मागे वळून हसल्या.

दोन वर्षांनी सुट्टीवर गेलो तेव्हा आम्ही मुद्दाम वसई गाठली. न कळवता, त्यांना चकित करायचं म्हणून. भावाचं घर दुमजली, पुढे केळीची वाडी, आणि वाडीच्या टोकाला, घरापासून चांगली पन्नास पावलं लांब, एक बुटकी खोली. लांबट, दोन खिडक्या, कडक इस्त्रीचे पडदे. मी बघताक्षणी ओळखली, हुबेहूब म्हातारी. दाराला भलंमोठं कुलूप होतं.

भाऊ बाहेर आला. सत्तरीकडे झुकलेला, सभ्य माणूस. म्हणाला, सिस्टर गावात कुणाच्या तरी सुनेला बघायला गेल्यात, तासाभरात येतील. मी म्हटलं, तोवर त्यांच्या खोलीत बसतो. तो जरा ओशाळला.

"आमच्या घरात बसा ना," तो म्हणाला. "तिच्या खोलीची चावी आमच्याकडे नसते."

मला इतका आनंद झाला की त्या बिचाऱ्याला काही समजेना. सुनंदा म्हणाली, ऊन आहे, चला घरात. म्हटलं, तू जा. मी इथेच बसतो, पायरीवर.