सोनं खपत नाही

माझ्या धाकट्या भावाचं नाव भीमसेन ठेवलं, तेव्हा तो पुढे काय दिवे लावणार आहे हे ठाऊक असतं तर अप्पासाहेबांनी निदान नाव तरी बेताचं निवडलं असतं. हा भीमसेन तारुण्यभर डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांच्या मागे लागला. नव्वदच्या दशकात 'नॅनो' हा शब्द बंगळुरात फारसा कुणाला ठाऊक नव्हता. आमच्या घरातल्या मराठीत अर्धं कन्नड, आणि कन्नडात 'नानो' म्हणजे 'मी का?'. अप्पांनी एकदा कौतुकाने विचारलं, कशावर काम करतोस? हा म्हणाला, नॅनो. अप्पा म्हणाले, होय, तूच, इथे दुसरं कोण आहे? त्यानंतर बापलेकांनी विज्ञानावर बोलणं सोडलं आणि घरात शांतता नांदली.

आम्ही बंगळुरातल्या बनशंकरीचे. त्याआधी कुठले असं विचारलं, तर शहाजीराजांबरोबर आलो असं सांगायची आमच्यात पद्धत आहे. बंगळुरातल्या प्रत्येक जुन्या मराठी घराचा पूर्वज शहाजीराजांबरोबर होता. सगळे खरं बोलत असतील, तर राजांच्या फौजेत कारकूनच जास्त असावेत, कारण आमच्या घराण्यात तलवार कुणी पाहिलेली नाही आणि पेन मात्र प्रत्येकाच्या खिशाला. मीही त्याच परंपरेतली, एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क. त्यामुळे भावाचं विज्ञान मला कळलं नाही तरी त्याचं पुढे जे झालं ते अगदी नीट कळलं.

भीमा डॉक्टरेट करून दोन वर्षं जर्मनीत राहिला आणि परत आला. त्या काळात जाणारे परत येत नसत. आमचा चुलतभाऊ अभिराज सॉफ्टवेअरमध्ये शिरून मोटार घेऊन बसला होता, आणि त्याने भीमाला पहिल्याच आठवड्यात आपल्या कंपनीत बोलावलं. भीमा गेला नाही, कारण सरकारने तरुण शास्त्रज्ञांसाठी योजना काढली होती आणि ह्या भल्या माणसाने ती जाहिरात खरी मानली.

सरकारच्या मते शास्त्रज्ञ पस्तिशीपर्यंत तरुण असतो. तोवर त्याला कल्पना सुचतात. त्यानंतर तो तरुणांच्या कल्पना नाकारणाऱ्या समितीवर बसायच्या लायकीचा होतो. समिती दिल्लीची, पण हवा चांगली म्हणून बैठक बंगळुरात. मुलाखतीत एका वयोवृद्ध सदस्याने विचारलं, हे कण दिसत नाहीत म्हणता, तर ते स्वल्प मोठे करता येणार नाहीत का? भीमाने नम्रपणे सांगितलं की मोठे केले तर कामच संपलं. दुसऱ्याने विचारलं, यंत्र केवढं येणार? यंत्र मोठं असल्याचं ऐकून सगळ्यांना बरं वाटलं आणि योजना मंजूर झाली.

पैसे तीन वर्षांचे, पण दर वर्षी नव्याने मंजूर व्हायचे. भीमाची संस्थेत कायमची नोकरी नव्हती. त्याचा पगार, त्याचं टेबल, त्याची बाटली न् बाटली ह्याच योजनेची. मधे खंड पडला आणि तोवर पस्तिशी उलटली, तर पुन्हा अर्ज करायची सोय नव्हती. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढचं सगळं कळेल.

त्याचं काम होतं सोन्यावर. सोनं अतिशय बारीक केलं की ते पिवळं राहत नाही, पाण्यात लाल दिसतं, माणकासारखं. त्या लाल पाण्यात रोग्याच्या रक्ताचा थेंब टाकायचा, आणि क्षयाची खूण असेल तर लालाचं निळं व्हायला हवं. खेड्यातल्या दवाखान्यात वीज नसली तरी डोळ्यांनी पाहून निदान करता येईल, असं त्याचं म्हणणं. हे सांगताना त्याचा चेहरा असा व्हायचा की मला त्याची काळजी वाटायची. सरकारी पैशावर जगणाऱ्या माणसाने इतकं खूष दिसू नये.

आता चूक ऐका. विरघळवलेलं सोनं परदेशातून बाटलीत मिळतं, भलतं महाग. भीमाने सरकारचे पैसे वाचवायचे ठरवले. तो इथल्याच शिवाजीनगरला सराफाकडे गेला, शुद्ध सोन्याची पाच ग्रॅम तार विकत घेतली, रीतसर पावती घेतली आणि प्रयोगशाळेत येऊन ती तेजाबात विरघळवली. बाटली मागवली असती तर ते रसायन ठरलं असतं. तार आणली म्हणून ते सोनं ठरलं. काटकसर केली की सरकारात कसं अंगाशी येतं, हे त्याने घरी मला विचारलं असतं तर मी फुकटात सांगितलं असतं.

वर्षअखेरीस ऑडिटने पावती पाहिली आणि शेरा मारला. सरकारी भांडारात वस्तू दोन जातींच्या. एक खपणाऱ्या, म्हणजे कागद, फिनेल, काचेच्या नळ्या. दुसऱ्या न खपणाऱ्या, म्हणजे खुर्च्या, पंखे, कपाटं. सोनं ही खपणारी वस्तू नव्हे. तेव्हा ते भांडारात परत जमा करावं, तोवर दुसऱ्या वर्षाचे पैसे थांबवावेत. खरं सांगते, ऑडिटचं मला पटलं. आमच्या आजीच्या पाटल्या आईकडे आल्या, आईच्या माझ्याकडे. सोनं खपलेलं आमच्याही घरात कुणी पाहिलेलं नाही.

शेरा अमलात आणायचा होता हयवदनरावांना. हे संस्थेचे हिशेब अधिकारी, बनशंकरीचेच, आमच्यासारखे घरी मराठी बोलणारे. एकादशी न चुकवणारे, कॅन्टीनचं पाणीही न पिणारे, आणि उभ्या नोकरीत एकही खोटी ओळ न लिहिलेले. हे शेवटचं ते स्वतःच सांगत, वारंवार सांगत, पण ते खरं होतं. डिसेंबरअखेर त्यांची निवृत्ती होती. भीमावर त्यांची माया होती, कारण आमच्यातला एक पोरगा शास्त्रज्ञ झाला ह्याचा त्यांना अभिमान होता. कशाचा शास्त्रज्ञ ते त्यांनी विचारलं नव्हतं.

भीमा लाल पाण्याची बाटली घेऊन त्यांच्या खोलीत गेला.

"काका, हे तुमचं सोनं."

हयवदनरावांनी बाटली उजेडात धरली, वास घेतला, परत टेबलावर ठेवली. "हे सरबत आहे की रे भीमा. सरबत जमा करून कसं घेऊ?"

मग दोघांनी मिळून उपाय शोधले. पाणी आटवून, कण वितळवून पुन्हा सोन्याची गोळी करता आली असती. म्हणजे वर्षभराचं काम चुलीवर ठेवायचं. भीमा नाही म्हणाला. मी व्यवहारी सल्ला दिला, की दुसरं पाच ग्रॅम सोनं आण आणि देऊन टाक, सोन्यावर काय नाव लिहिलेलं असतं? त्याची बायको निवेदिता हातातली अंगठी काढायला निघाली. भीमाने हे रावांपुढे मांडलं, तर ते कानांवर हात ठेवून म्हणाले, जे दिलं नाही ते परत आलं म्हणून लिहू? म्हातारपणी खोटं लिहू? निवृत्तीला तीन महिने उरलेत. तेव्हा सोनं खपलं म्हणावं तर नियमात बसत नाही, परत आलं म्हणावं तर धर्मात बसत नाही. फाईल पंख्याखाली पडून राहिली आणि भीमा पगाराविना प्रयोगशाळेत जात राहिला. डिसेंबरातच त्याला पस्तीस पुरी होणार होती.

तेवढ्यात दसरा आला. आपण दसऱ्याला आपट्याची पानं सोनं म्हणून देतो. बंगळुरात आपटा शोधूनही सापडत नाही, पण रस्तोरस्ती कांचनाची झाडं आहेत आणि पान हुबेहूब तसंच, मधे दुभंगलेलं. त्यामुळे आमच्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या कांचन ओरबाडून आपटा म्हणून वाटला आहे. पुण्याहून नवीन आलेले हसतात. आम्ही म्हणतो, कांचन म्हणजे सोनंच की, तुमचा आपटा नुसता आपटा.

संध्याकाळी भीमा शिरस्त्याप्रमाणे हयवदनरावांकडे सोनं द्यायला गेला. मी बरोबर होते. त्याने पान त्यांच्या हातात ठेवलं, सोनं घ्या काका, म्हणाला आणि वाकून नमस्कार केला. रावांनी आशीर्वाद द्यायला हात उचलला आणि तो तसाच राहिला. बराच वेळ ते पानाकडे बघत होते. मला वाटलं म्हाताऱ्याला चक्कर येतेय.

"काय म्हणालास?"

"सोनं घ्या म्हणालो, काका."

"कुणी दिलं? तू. काय दिलंस? सोनं. मी घेतलं का? घेतलं." त्यांनी पान देवापुढे नेऊन ठेवलं. "सरी. आयतु. झालं काम."

संस्था उघडल्या दिवशी त्यांनी फाईलवर लिहिलं, की डॉक्टर भीमसेन यांच्याकडून सोनं मिळालं. खाली सही, तारीख. एक अक्षर खोटं नाही. तिजोरी उघडून बघणं हे ऑडिटचं काम नव्हतं, त्यांना कागद हवा होता आणि तो मिळाला. शेरा उठला. भीमाने निवेदिताला आणि मला मसाला डोसा खाऊ घातला, आणि मी कबूल केलं की वीस वर्षांच्या सरकारी नोकरीत इतकी सुरेख ओळ मी पाहिली नाही.

नोव्हेंबरात समिती पुन्हा थंड हवेला आली. पहिल्या वर्षाचं काम बघून दुसऱ्या वर्षाचे पैसे सोडायचे होते. भीमाने काम दाखवलं. लाल पाण्यात थेंब टाकला, पाणी निळं झालं. तो सांगतो, त्या क्षणी यंत्राचं विचारणारे गृहस्थसुद्धा पुढे सरकून बसले. मग अध्यक्षांनी फाईल चाळायला घेतली, आणि त्यांना हयवदनरावांची ओळ दिसली.

त्यांनी शांतपणे विचारलं, की घेतलेलं सोनं तुम्ही सगळंच्या सगळं परत केलंत, मग हे कण कशाचे आहेत?

लाल रंग कशाचाही असू शकतो, ते पुढे म्हणाले. कागदावर तुम्ही एक कणही सोनं वापरलेलं नाही. न वापरलेल्या सोन्यातून लागलेला शोध आम्ही कसा मानायचा? तुम्हाला काही सांगायचं आहे का?

सांगायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं, की ते पान होतं. मग कण खरे ठरले असते, काम खरं ठरलं असतं, आणि न मिळालेलं सोनं मिळालं म्हणून लिहिणाऱ्या हिशेब अधिकाऱ्याची चौकशी लागली असती. निवृत्तीच्या तोंडावर चौकशी म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. पेन्शन अडकतं, आणि माणूस खेटे घालून घालून मरतो. भीमाने समितीकडे पाहिलं आणि नाही म्हणाला. काही सांगायचं नाही.

समितीने लिहिलं, निष्कर्ष संशयास्पद, पुढील निधी देऊ नये. तरुणांच्या प्रामाणिकपणाबद्दल दोन ओळी चिंता व्यक्त करून मंडळी कॉफी प्यायला गेली.

घरी आल्यावर मी त्याला वाटेल तसं बोलले. मूर्ख म्हणाले, जर्मनीहून परत आलास कशाला म्हणाले, त्या म्हाताऱ्याचं सत्य सांभाळायला स्वतःचं सत्य कुणी बुडवतं का म्हणाले. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "अक्का, काका खोटं बोलले नव्हते ना. मग मी त्यांना खोटं कसं पाडू?" मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली.

हयवदनराव तेव्हा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी रजेवर होते. ते संस्थेत आले ते थेट डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी, स्वतःच्या निरोप समारंभाला. भीमाला त्याच महिन्यात पस्तीस पुरी झाली होती आणि अभिराजच्या कंपनीत सोमवारपासून जायचं ठरलं होतं. तरी तो गेला, आणि मलाही घेऊन गेला. संचालकांनी शाल घातली. राव बोलायला उभे राहिले आणि छत्तीस वर्षांत एकही खोटी ओळ लिहिली नाही हे त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भीमाने तर सगळ्यांत जास्त वाजवल्या. त्या वेळी मला तो मूर्ख वाटला नाही, माझा भाऊ वाटला, आणि माझे डोळे भरून आले.

समारंभानंतर राव हार सांभाळत आमच्यापाशी आले. नव्या चष्म्यातून त्यांनी भीमाला नीट न्याहाळलं. "भीमा, माझ्या जिवाला एकच घोर होता बघ. दुसऱ्या वर्षाचे पैसे आले का रे?"

भीमाने वाकून त्यांना नमस्कार केला.

"आले, काका."