एकाच लाकडाची दोन अंजिरं

माझा धाकटा भाऊ आणि मी, दोघंही साठी ओलांडलेले, दर रविवारी सकाळी फोनवर अंजिरांवरून भांडायचो. त्याचं झाड तासगावात, माझं साताऱ्यात. दोन्ही आईच्या कोरेगावच्या परसातल्या एकाच झाडाची. आई गेली त्या पावसात ते झाड आडवं झालं, तेव्हा आम्ही एकेक फाटा ओल्या पोत्यात गुंडाळून आपापल्या घरी नेला होता.

लाकूड एकच, पण फळ बघाल तर सख्खं वाटायचं नाही. माझं अंजीर मोठं, फिकट, पाणचट. साताऱ्याच्या धुक्यात पिकायच्या आधीच उकलायचं. त्याचं लिंबाएवढं, काळपट जांभळं, जाड सालीचं आणि असं गोड की बोटं धुवावीशी वाटायची नाहीत. तो म्हणायचा, "अक्का, तुझ्या अंजरापरीस दुधी भोपळा बरा." मी म्हणायची, तुझ्याकडं ऊन फुकट मिळतंय म्हणून मिजास करतोस. माझी सगळी नोकरी सरकारी कचेरीत जमिनीचे नकाशे तपासण्यात गेली. मोजता येईल तेवढंच खरं मानायची सवय. त्यामुळे हवेनं फळ बदलतं, हे मला पटलेलं होतं आणि त्यात नवल काही नव्हतं.

खरं भांडण अंजिरांवरून नव्हतंच. भाऊ फौजेतून निवृत्त झालेला, बायको गेलेली, मुलगी परदेशात. त्यात डोळ्यांत काचबिंदू. दोन्ही बाजूंनी अंधार आत सरकत होता आणि हा एकटा घरात चहा उकळत होता. एकदा हात भाजून घेतला, एकदा पायरी चुकला. मी मागं लागले होते की साताऱ्याला ये, माझ्याजवळ राहा, नजर आहे तोवर घराची सवय करून घे. त्याचं उत्तर ठरलेलं. "आन् झाडाकडं कोन बघंल?" झाड म्हणजे आई, हे तो बोलून दाखवायचा नाही. मला मात्र त्या झाडाचा राग यायला लागला होता. माझं झाड दोन वर्षं फळ धरत नव्हतं, आणि त्याचं झाड भावाला धरून बसलं होतं.

आमच्या घरी फळ न देणाऱ्या झाडाला दम द्यायची रीत होती. खंडेनवमीला कुऱ्हाडीची पूजा झाली की वडील ती उचलून झाडापाशी जायचे आणि ओरडायचे, "देतंस का तोडू?" आई खोडाला हात लावून उभी राहायची आणि झाडाच्या वतीनं शब्द द्यायची, "नगा तोडू. औंदा देते." मग कुऱ्हाड सालीला नुसती टेकवायची. घाव घालायचा नाही, आणि शब्द देणाऱ्याचा हात झाडावरून काढू द्यायचा नाही, एवढे दोनच नियम.

गेल्या खंडेनवमीला भाऊ फोनवर म्हणाला, "दे की दम. शबुद म्या देतो." मी फोन मोठ्या आवाजावर करून कट्ट्यावर ठेवला आणि कुऱ्हाड घेतली. तो म्हणाला, "थांब, झाडापाशी जातो." तो हात ठेवणार त्याच्या झाडावर आणि दम मी देणार माझ्या, यात तेव्हा आम्हा दोघांनाही काही वावगं वाटलं नाही.

"देतंस का तोडू?"

"नगं तोडू. औंदा देतो." आणि मग हसून, "बघ अक्का, माझं झाड हाय म्हणून तुझ्या झाडाला शबुद मिळाला. मी हितनं हालत नसतो."

माझं डोकंच फिरलं. कुऱ्हाड टेकवायची ती मी हाणली. गुडघ्याएवढ्या उंचीवर, आडवी. पांढरा चीक भळाभळा वाहायला लागला. फोनमधून भाऊ "आई गं!" म्हणाला.

"काय झालं रं?"

"काय न्हाई. मुंगी चावली असंल."

मी घाव घातल्याचं त्याला सांगितलं नाही. लाज वाटली. जखमेवर शेण-माती लिंपली आणि विषय बंद केला.

माघात माझ्या झाडानं फळ धरलं. इतकं की फांद्या वाकल्या. पण ती माझी फळं नव्हती. लिंबाएवढी, जाड सालीची, दिवसागणिक काळी पडत जाणारी. धुकं तेच, माती तीच. बुलबुल पूर्वी फळाच्या दिवसांत माझी अर्धी अंजिरं फोडायचे, ते यंदा येऊन कुंपणावर बसायचे, बघायचे आणि उडून जायचे. मी भावाला काहीच बोलले नाही. कबूल केलं असतं तर त्यानं वर्षभर चिडवलं असतं, हे एक. दुसरं म्हणजे मला त्या झाडाखाली उभं राहावंसं वाटेना.

तो मात्र दर रविवारी आपल्या फळांचं वर्णन करायचा, पूर्वीपेक्षा जास्तच बारकाईनं. "भिंतीकडच्या फांदीला जोडफळ लागलंय. खालच्या पानाला भोक हाय, रुपायाएवढं." मी हूं म्हणत परसात आले. माझ्या भिंतीकडच्या फांदीला जोडफळ होतं. खाली पान, पानाला भोक. योगायोग म्हणून सोडून दिलं. पुढच्या रविवारी तो म्हणाला, "जोडफळातल्या उजव्याला मुंग्या लागल्यात बघ." मी फोन कानाला तसाच धरून बाहेर गेले. उजव्या फळावर मुंग्यांची ओळ चढत होती. सकाळचं चांगलं पांढरं ऊन पडलं होतं, झाडाशेजारच्या दोरीवर कपडे वाळत होते आणि मुंग्या चढतच होत्या.

त्याच आठवड्यात मी एक डबा भरून अंजिरं घेतली आणि एसटीनं तासगावला गेले. जोडफळ मुद्दाम झाडावर ठेवलं.

भाऊ ओट्यावर बसला होता. माझ्या आवाजाच्या दिशेनं चेहरा वळवला, पण नजर माझ्या खांद्यावरून पलीकडं गेली. फोनवर त्यानं हे किती लपवलं होतं! मी पिशवी खाली ठेवली आणि आधी मागच्या दारी गेले. झाड वाळलेलं होतं. पान नाही, कोंबाचा डोळा नाही. नखानं साल खरवडली तर आत हिरवं काही नव्हतं. बुंध्याला गुडघ्याएवढ्या उंचीवर आडवी चीर पडलेली, तिच्यातून भुसा गळत होता. खोडकिडा असेल. मी अजूनही स्वतःला तेच सांगते.

परत येऊन त्याच्याजवळ बसले. "झाड कवा गेलं?"

"दिवाळीच्या आदीच पानं झडली."

"मग मला सांगत होतास ती फळं कुठली?"

त्यानं चेहरा मागच्या दाराकडं वळवला. मग म्हणाला, "डोळ्याला आता काय दिसत न्हाई, अक्का. पर सकाळी जाग आली का ते झाड दिसतंय. पान न् पान. म्हटलं, तुला सांगितलं तर तू डाक्टरकडं नेशील, आन् झाड मेलेलं कळलं तर साताऱ्याला."

मला रडू आलं. माझ्यामुळं झालं असं वाटत होतं आणि ते म्हणायची हिंमत होत नव्हती. डबा अजून पिशवीतच होता, झाकण लावलेला. तो मी आणलाय हेही मी त्याला सांगितलं नव्हतं.

"जोडफळ तेवढं ठिवून आलीस व्हय?" तो म्हणाला.

मी पिशवीकडं पाहिलं, ती बंदच होती. तरी तोंडातून जे इतकी वर्षं सांगत होते तेच निघालं. "तुझ्यासाठी ठेवलंय. येऊन तोड."

या खेपेला त्यानं झाडाचं नाव काढलं नाही. दुसऱ्या दिवशी दोन पिशव्या घेऊन तो माझ्याबरोबर एसटीत बसला.

साताऱ्याचं घर त्याला ओळखीचं होतं, पण झाड त्यानं कधी पाहिलेलं नव्हतं. मी ते लावल्यापासून तो इकडं आलाच नव्हता. मी हात धरायला गेले तर त्यानं सोडवून घेतला. कपड्यांच्या दोरीखालून नेमका वाकून तो सरळ झाडापाशी गेला. फळाकडं हात नेला नाही. खाली बसला, आणि लिंपलेली माती मुळीच न चाचपता घावावर तळहात ठेवला.

"हितं लय जोरात हाणलं व्हतंस, अक्का," तो म्हणाला आणि दुसऱ्या हातानं स्वतःचा गुडघा चोळत राहिला.