कांडीला गुंडाळलेला गळ

मला एक वाईट खोड आहे. ओळख थोडी मुरली की मी समोरच्याला विचारते, तुम्ही कुठला छंद सोडलात? कुठला आहे, असं नाही विचारत. असलेल्या छंदाबद्दल लोक तासभर बोलतात आणि त्यातून माणूस काही कळत नाही. सोडलेल्याबद्दल विचारलं की तो आधी गोंधळतो, मग हसून म्हणतो, "वेळ कुठे मिळतो हो." हे पहिलं उत्तर, आणि ते खरं नसतं. दुसऱ्या खेपेला कारण दुसऱ्याच कुणावर तरी ढकललेलं असतं. तिसऱ्यांदा विचारायला चिवटपणा लागतो. तो माझ्याकडे भरपूर आहे.

आमच्या ऑफिसात दादरच्या एक बाई होत्या. लग्नाआधी त्या शीळ घालून अख्खी गाणी वाजवायच्या. का सोडलंत, तर म्हणाल्या, वेळ. महिन्याभराने म्हणाल्या, सासूबाईंना आवडायचं नाही. मी त्या न पाहिलेल्या सासूबाईंवर राग धरून बसले. वर्षभराने डबा खाताना त्यांनीच सांगून टाकलं की पुढचे दोन दात खोटे आहेत, ते बसवल्यापासून शीळ निघत नाही, नुसती हवा जाते. सासूबाई तर बिचाऱ्या फर्माईश करायच्या. गिरगावातले एक गृहस्थ काड्यापेट्यांवरची चित्रं जमवायचे. आपल्या मेहुण्याकडे आपल्या दुप्पट चित्रं आहेत हे त्यांना त्याच्याच घरी जेवायला बसल्यावर कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली सगळी चित्रं त्याला देऊन टाकली आणि पुन्हा त्या घरी जेवायला गेले नाहीत. असं काही हाती लागलं की माझा दिवस चांगला जातो.

ही खोड मला लागली ती बाबांमुळे. बाबा गिरणीत साचेवाले होते, म्हणजे मागावर कापड विणायचे. आम्ही घोडपदेवला चाळीत राहायचो. रविवारी दुपारी जेवण झालं की बाबा चपला घालत आणि मी त्यांच्या मागे लागत असे. रे रोडचा पूल ओलांडून, लाकडाच्या वखारींमधून वाट काढत आम्ही पाण्याच्या कडेला पोचायचो. तिथे बाबा गळ टाकत. काठी वगैरे काही नव्हती. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात सूत भरून बसवतात त्या लाकडी नळीला कांडी म्हणतात. टोकाला फुटलेली अशी एक कांडी त्यांना मुकादमाकडून मिळाली होती. तिला तंगूस, म्हणजे नायलॉनचा चिवट दोरा, गुंडाळलेला, वजनाला एक लोखंडी नट आणि खाली गळ. तंगूस ते तर्जनीवरून सोडत आणि डोळे मिटून बसत. मासा लागला की बोटाला कळतं, असं ते म्हणायचे. साच्यावर धागा तुटायला आला की तोही त्यांना बोटानेच कळायचा म्हणे. गिरणीतल्या आवाजाने त्यांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे माझ्या प्रश्नांना ते मान डोलवत, आणि ती हो की नाही हे मी माझ्या सोयीने ठरवत असे.

पकडलेले मासे मात्र घरी येत नसत. गोदीच्या पाण्यातले, तेलाचा वास येतो, असं आईचं म्हणणं होतं. बाबा ते वखारीच्या रखवालदाराला देऊन टाकत आणि रिकाम्या हाताने, अगदी खुशीत परत येत. आमच्या घरी मासे येत ते फक्त कोळीण मावशीच्या पाटीतून. ती मच्छीमार नगरहून आठवड्यातून तीनदा यायची आणि आमच्या मजल्याच्या जिन्यापाशी पाटी उतरवायची. तिचा एक नेम होता. चाळीतली पहिली विक्री, तिची भवानी, ती आईच्याच हातून करायची. आईच्या हाताला बरकत आहे, असा तिचा समज होता. दुसरी कुणी आधी आली तर तिला थांबवून ठेवायची, आणि आई उगाच भाव खात दोन मिनिटं उशिरा बाहेर यायची.

गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. शिमग्यापर्यंत मिटेल असं सगळे म्हणत होते, मग गणपतीपर्यंत म्हणू लागले. बाबा रोज सकाळी गेटावर जाऊन येत आणि घरी बसून राहत. मग एक दिवस ते कांडी घेऊन निघाले, रविवार नसताना. संध्याकाळी पिशवीत सात-आठ शिंगट्या होत्या. आई त्या पिशवीकडे बघत राहिली. मग तिने चूल पेटवली, चिंच कोळली आणि गरम पाण्याने मासे तीनतीनदा धुतले. आमटीला तेलाचा वास येत होता की नाही, मला आठवत नाही. मी दुसऱ्यांदा मागितली एवढं आठवतं.

त्यानंतर बाबा रोज जाऊ लागले. शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही वास गेला. आधी दोन खोल्यांतून ताटल्या आल्या, मग पाच-सहा. बाबा सगळ्यांना देत. सगळा मजला हातावर हात धरून बसलेला असताना काम असलेला हा एकटा माणूस होता, आणि त्याची ऐट त्यांच्या चालण्यात दिसायला लागली होती. मी रोज सकाळी दारात उभी राहून सांगायचे, "बाबा, आज मोठा आणा." ते हसून मान डोलवत.

आणि एक दिवस त्यांनी गळ टाकणं सोडलं. तंगूस नीट गुंडाळून कांडी माळ्यावर ठेवली आणि बसले. मी विचारलं, जात का नाही? ते म्हणाले, "येळ नाय गावत." संपावर बसलेला माणूस, ज्याला सकाळची संध्याकाळ करताना नाकी नऊ येत होते, तो मला वेळ मिळत नाही म्हणून सांगत होता. चार दिवसांनी पुन्हा विचारलं तर म्हणाले, पाणी खराब झालंय. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा आईने डोळे वटारले. त्या वयात माझा चिवटपणा आईच्या डोळ्यांपुढे टिकत नसे.

पुढे आमच्या घरात पेज आणि सुकट असायची. सुकट गावाहून येते, असं आईने सांगितलं होतं. बाबा दिवसभर सभेला जात. संप मिटला असं कोणी कधी जाहीर केलं नाही, पण बाबांचा साचा पुन्हा काही चालू झाला नाही. वर्षा-दोन वर्षांनी त्यांना काम मिळालं ते रे रोडच्याच एका वखारीत, ओंडके मोजायचं. तिथून पाणी पन्नास पावलांवर. मी कधी डबा घेऊन गेले तर ते कडेलाच बसून जेवत, तर्जनी गुडघ्यावर ठेवून पाण्याकडे बघत. त्यांना ते आवडत होतं, हे दिसत होतं. मग माणूस गळ का टाकत नाही? मी वर्षानुवर्षं यावर डोकं चालवलं आणि उत्तर काढलं. ज्यात मजा होती ते पोटासाठी करावं लागलं, आणि त्यातली मजा गेली. म्हणजे आम्ही बाबांचा छंद खाल्ला. विशेषतः मी, रोज दारात उभं राहून मोठा आणा म्हणणारी आणि आमटी दोनदा मागणारी.

ही गोष्ट मी पुढे सगळीकडे सांगितली. ऑफिसात, लग्नकार्यात, अनोळखी लोकांना सुद्धा. सांगताना लोकांचे डोळे भरून येत आणि मला आतून लाज वाटे, पण सांगितल्याशिवाय राहवत नसे. बाबांच्या एकसष्टीला चाळीच्या गच्चीवर मांडव घातला होता. तिथे माईक हातात आला तेव्हा मी त्यांच्या देखत ती सांगितली. शेवटी म्हटलं, आम्ही खाल्लेला छंद परत करतेय, आणि दुकानातून आणलेली चकचकीत, चाक लावलेली गळाची काठी त्यांच्या हातात दिली. टाळ्या पडल्या. बाबांनी मान डोलावली आणि काठी मांडीवर आडवी ठेवून बसून राहिले. पुढे आई त्या काठीने उंच दोरीवरचे कपडे काढायची.

बाबा गेले त्याला आता काही वर्षं झाली. तेराव्यानंतर आमच्यात तिखटाचं जेवण असतं, सुतक संपल्यावर घरात पहिल्यांदा मासे शिजतात. आई म्हणाली, मासे कोळीण मावशीकडूनच आण. मावशी थकली होती, यायची बंद होऊन बरीच वर्षं लोटली होती. मी विचारत विचारत मच्छीमार नगरात गेले. बोंबील वाळत घातले होते त्यांच्या सावलीला ती पाट टाकून बसली होती, कावळ्यांवर लक्ष ठेवत. कोणाची मुलगी ते सांगितल्यावर तिने मला जवळ बसवलं, बाबांचं ऐकून पदर डोळ्यांना लावला. मग तिला एकदम हसू आलं. "तुजा बापूस," ती म्हणाली, "जाली शिवायचा आमची. काय वाईट शिवायचा."

बाबा आणि जाळी? मी विचारलं, कधी? तेव्हा तिने सांगितलं.

संपात एका दुपारी ती आमच्या मजल्यावर पाटी घेऊन बसली होती. आईने दारातूनच आज नको म्हणून खूण केली. तेवढ्यात बाबा पिशवी घेऊन वर आले आणि खोल्याखोल्यांतून ताटल्या घेऊन बाया बाहेर आल्या. भरल्या पाटीच्या पुढ्यात बाबांनी मासे वाटले. शिंगटीचा काटा विषारी असतो आणि बाबांचा हात साफ करताना चुकत होता, म्हणून तिनेच आपली कोयती काढली आणि ते सगळे मासे कापून दिले. मग पाटी उचलून, भवानी न करता, ती गेली.

"दुसऱ्या दिशी सकाली बापूस इथं आला, चालत," मावशी म्हणाली. "बोलला, आजपासून गल टाकनार नाय. मी बोलले, अरे दादा, लोकांकडं पैसं नाय, माजं मावरं तसं पन कोन घेनार? तू पकड, पोरीला खाऊ घाल. तर बोलला, माज्या साच्यावर मालकांनी दुसरा मानूस उभा केलाय. तो पन मला हेच सांगतो, तू तसा पन घरीच बसलायस. आनि काल मी तुज्या पाटीपुढं तसाच उभा व्हतो."

वाऱ्याने हलणाऱ्या बोंबलांच्या वासाने की कशाने, माझे डोळे चुरचुरत होते.

मावशीचं पुढचं बोलणं चालूच होतं. पोर उपाशी राहील म्हणून तिने बाबांना सुकट देऊ केली, ते फुकट घेईनात, तेव्हा त्यांना फाटकी जाळी शिवायला बसवलं. बाबांनी गिरणीत सुताला मारतात तशी एकेरी गाठ मारली. सुतात ती घट्ट बसते, पण नायलॉनच्या जाळ्यात सरकते. होडी समुद्रात गेली, जाळं ओढलं आणि बाबांनी शिवलेल्या जागेतून मासे निघून गेले. मावशीचा नवरा तणतणत आला, तर बाबांनी गुपचूप सगळं उसवलं आणि दुहेरी गाठ शिकून पुन्हा शिवलं. आई जी गावची सुकट म्हणायची ती इथली होती, आणि बाबांच्या सभाही इथेच भरत होत्या. आम्ही त्यांचा छंद खाल्ला नव्हता. त्यांना तो अजून तितकाच आवडत होता आणि तरीही त्यांनी तो सोडला होता.

मावशीने सुनेकडून दोन चांगली पापलेटं काढून घेतली. सुनेच्या हातात पैसे द्यायला लागले तर मावशीनेच मध्ये हात पुढे केला, नोट घेतली, कपाळाला लावली आणि स्वतःच्या कमरेला खोचली. भवानी ताईच्या, म्हणजे माझ्या आईच्या, घरची आहे, म्हणाली.

घरी आले तेव्हा आई विळी मांडून बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. ती पापलेटाचे पर काढत राहिली. म्हणाली, "माका ठावक होतां."

मग मला एवढी वर्षं सांगितलं का नाही, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. एकसष्टीला मी माईकवरून सांगत होते तेव्हा तरी बाबांनी मला थांबवायचं होतं. आईने विळी आडवी केली. त्या रात्री घरी आल्यावर तिने बाबांना तसं म्हटलंही होतं, की पोरीला खरं काय ते सांगून टाका. तर बाबा म्हणाले होते, "सांगू दे गो. तिचो तो छंद आसा. किती मन लावून सांगता."

मी तीस वर्षं लाजेने मरत होते आणि त्यांना वाटत होतं, पोरीला मजा येतेय. म्हणून ते मान डोलवत होते.

ती कांडी आता माझ्याकडे आहे. गोष्ट मात्र मी त्या दिवसापासून सांगत नाही. जुने लोक कधी आग्रह करतात, ती गळाची गोष्ट सांगा ना, हल्ली का सांगत नाही? मी हसून म्हणते, वेळ कुठे मिळतो हो.