सुनंदाताईंनी मागे घेतलेला शब्द

श्रीमती सुनंदाताई गलांडे यांची आणि माझी पहिली भेट फोनवर झाली, आणि त्या भेटीत मी त्यांची बोलणी खाल्ली. शिराळ्याच्या वरच्या अंगाला डोंगरावर आमच्या दूध संघाचा, केंद्रांना इंटरनेटची लाइन पोचवणारा एक टॉवर आहे. वाऱ्यानं फिरलेली तबकडी सरळ करायला मी वर चढलो होतो, तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

“कुठं आहात?” पलीकडून अनोळखी आवाज.

“टॉवरवर हाय, मॅडम.”

“मग फोन कशाला उचललात? आधी खाली उतरा. लाइन आणखी तासभर बंद राहिली म्हणून कुणी मरत नाही, तुम्ही पडलात तर मराल.” आणि फोन बंद.

त्याआधीचे सगळे साहेब ‘लाइन कधी चालू होणार’ एवढंच विचारत. मी खाली उतरून चौकशी केली, तेव्हा कळलं की सांगलीच्या नियंत्रण कक्षात माणदेशातल्या कुणी गलांडे मॅडम नव्यानं रुजू झाल्या आहेत. आज ताईंच्या षष्ट्यब्दीपूर्तीच्या ग्रंथात लिहायचा मान मला मिळतो आहे. मी खांबावर चढणारा, कडेगावचा माणूस. लिहिण्यात काही कमीजास्त झालं तर ताईंनीच मला ‘लिहा’ म्हटलं आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावं.

ताईंचं काम नेमकं काय, हे संघातल्या पुष्कळांना अजून ठाऊक नाही. आमची दूध संकलन केंद्रं पाटणपासून कडेगावपर्यंत पसरलेली आहेत. प्रत्येक केंद्रावर वजनकाटा, फॅट मोजायचं यंत्र आणि त्यांना जोडलेला संगणक असतो. संगणकाची एक खोड असते. वीज गेली, कुणी चुकीचा पासवर्ड टाकला, डिस्क भरत आली, असं स्वतःला जे जे झालं ते तो सारखा लिहून ठेवतो. त्यातलं महत्त्वाचं वाटेल ते सांगलीच्या पडद्यावर इशारा म्हणून उमटतं. ताई येण्यापूर्वी हे इशारे इतके यायचे की पडदा कायम लाल असायचा, आणि कायम लाल असलेल्या पडद्याकडे कुणी बघत नसे. खरा बिघाड आम्हाला केंद्रावरच्या शिव्यांतूनच कळायचा.

सॉफ्टवेअरनं ‘गंभीर’, ‘सावध’ आणि ‘माहिती’ असे तीन वर्ग दिले होते. ताईंनी त्यावर आपली वर्गवारी बसवली, तीही आमच्या बोलीतली. गळिताच्या दिवसांत कडेगावकडं उसानं उंच भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावरून जाणारी वायर ओढून नेतात. त्या इशाऱ्यांचा वर्ग ‘ऊस’. पाटणकडच्या टॉवरवर वानरं झोके घेतात, तो वर्ग ‘माकड’. वर्ग कळला की गाडीत शिडी टाकायची की नुसता फोन करायचा, हे आम्ही बसल्या जागी ठरवायचो. पुण्याहून आलेले अभियंते आधी हसले. पुढं तेही सकाळी चहा घेताना “आज ऊस किती?” असं विचारायला लागले.

ताईंचा चहा हा मात्र स्वतंत्र विषय आहे. तो त्या स्वतः करतात, आग्रहानं देतात आणि तो पिववत नाही. यंत्रांच्या खोलीतल्या गारठ्यात त्या वडिलांनी दिलेली घोंगडी पांघरून बसतात. संचालक आले तरी ती काढत नाहीत. त्यांच्या हट्टीपणाबद्दल मी इथं जास्त लिहीत नाही, ग्रंथाची पानं पुरायची नाहीत.

माझी आई सांगलीच्या दवाखान्यात होती, तेव्हाची गोष्ट मात्र लिहिलीच पाहिजे. त्या दिवसांत माझा फोन वाजलाच नाही. आपलं संगणकांचं जाळं बरं शहाण्यासारखं वागतंय, असं मला वाटलं. कामावर परतलो तेव्हा सोबत्यांनी सांगितलं की माझ्याकडे येणारे सगळे इशारे ताईंनी स्वतःच्या फोनवर वळवून घेतले होते. मी आभार मानायला गेलो, तर म्हणाल्या, “आई जेवतात का आता?”

पण ताई मला खऱ्या अर्थानं कळल्या त्या आनंदरावांच्या प्रकरणात. आनंदराव हे पाटणच्या डोंगराकडच्या आमच्या एका केंद्राचे चालक. ताईंच्या वर्गवारीत ‘लबाडी’ असाही एक वर्ग होता. कुणी नोंदी पुसल्या, दुसऱ्याचा पासवर्ड लावून बघितला किंवा संगणकाचं घड्याळ बदललं, की इशारा त्यात पडायचा आणि थेट व्यवस्थापकांपर्यंत जायचा. आनंदरावांच्या केंद्रावरून असे इशारे वरचेवर येऊ लागले. व्यवस्थापकांनी त्यांना कमी करायचं ठरवलं आणि त्यांचा पासवर्ड बंद करण्याचा आदेश ताईंकडे धाडला.

ताई म्हणाल्या, “आधी बघून येते, मग बंद करते.”

मी जीप काढली. आम्ही पोचायच्या आधीच बातमी गावात पोचली होती. आनंदराव दुधात काटा मारतात, असं लोक उघड बोलत होते. त्यांच्या पत्नी पारूबाई दारातच रडायला लागल्या. “गिरणीत गेलं की बाया गप व्हत्यात, ताई. आमी काय केलंय ते तरी सांगा.”

ताई तशाच आत गेल्या. त्या संगणकासमोर बसल्या आणि मला मेन स्विच बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं. संगणक सुरू झाला, तर पडद्यावर भलत्याच जुन्या सालातली तारीख. आनंदरावांनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं आणि शांतपणे तारीख-वेळ नीट केली.

“हे रोज करता?” ताईंनी विचारलं.

“लाइट गेली की करावंच लागतंय. पावतीवर तारीख चुकली तर लोकं भांडत्यात. चुकीची पावती कशी द्यायची, मॅडम?”

वीज नसताना संगणकाचं घड्याळ चालू ठेवणारा छोटा सेल संपला होता, एवढंच. वीज गेल्याची नोंद ‘माहिती’ या खालच्या वर्गात पडत होती आणि घड्याळ बदलल्याची ‘लबाडी’त. एकामागून एक घडणाऱ्या दोन गोष्टींची वर्गवारीनं फारकत केली होती, आणि माणूस प्रामाणिकपणे काम करत होता म्हणूनच चोर ठरला होता. मी सेल बदलला.

व्यवस्थापकांनी आदेश मागं घेतला आणि विषय तिथंच मिटवू म्हणाले. त्या वेळी विभागप्रमुखपदासाठी ताईंचं नाव पुढं होतं. आता स्वतःची चूक चारचौघांत सांगण्यात शहाणपण नाही, असं त्यांना एका संचालकांनी आडून सुचवलंही. ताई दुसऱ्या दिवशी सकाळी मला घेऊन पुन्हा त्या गावात गेल्या. दूध घालायला माणसं किटल्या घेऊन रांगेत उभी होती. ताईंनी सगळ्यांदेखत काय घडलं ते सांगितलं.

एक म्हातारबा म्हणाले, “आवं मॅडम, म्हंजे मशीन खोटं बोललं व्हय?”

“न्हाई, बाबा. मशीन खरंच बोललं. घड्याळ बदललं, एवढंच सांगितलं त्यानं. लबाडी हा शब्द माझा. मी तो परत घेते. आनंदराव, मला माफ करा.” आणि त्यांनी आनंदरावांना हात जोडले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही.

विभागप्रमुखपद दुसऱ्याला मिळालं. ताईंनी त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. तो वर्ग मात्र त्यांनी त्याच दिवशी पुसला आणि त्या जागी ‘विचारा’ असं लिहिलं. त्यात इशारा पडला की आधी त्या केंद्रावरच्या माणसाला फोन करायचा आणि तो काय म्हणतो ते पुरतं ऐकून घ्यायचं, हा त्यांनी घालून दिलेला नियम आहे. वीज गेल्याची नोंद आता त्याच्या शेजारीच दिसते. ताईंनी हे एवढंच काम केलं असतं, तरी हा ग्रंथ निघायला हवा होता.

ताईंना निरोगी, भरपूर आयुष्य मिळो आणि निवृत्तीनंतर तरी त्यांचा फोन जेवताना न वाजो, अशी माझी मनापासून इच्छा आहे. या लेखासाठी मी गेल्या आठवड्यात आनंदरावांकडे जाऊन आलो. ते अजून त्याच केंद्रावर आहेत. तुमच्याकडून काय लिहू, असं विचारल्यावर त्यांनी काट्यावर हात ठेवला.

“सायबाच्या खोलीत बोलून त्यांनी भागवलं असतं, तर माझी नोकरी ऱ्हायली असती,” ते म्हणाले, “पर मी ऱ्हायलो नसतो. माझं आयुष्य त्यांस्नी लागू दे म्हनावं.”

असलं लिहिलेलं ताईंना आवडायचं नाही, असं मी म्हटलं.

“रागवू द्यात,” आनंदराव म्हणाले. “लिवा तुमी.”