स्टमाटाच्या नातीचं नाव

एपिरसच्या आमच्या ग्रीक डोंगरगावात माझ्या बापाला चौथीही मुलगीच झाली, तेव्हा त्याने तिचं नाव स्टमाटा ठेवलं. म्हणजे ‘थांब’, मुली आता पुरे. तिच्या पाठीवर मी झालो आणि जन्मभर तोऱ्यात मिरवलो.

आमच्यात पहिल्या नातीला बापाच्या आईचं नाव देतात. स्टमाटाच्या मुलाला मुलगी झाली. धर्मपिता मी, म्हणून चर्चमध्ये नाव मीच सांगायचं.

“लांब्रो, माझं नाव सांगू नकोस रे,” ती म्हणाली.

“अगं स्टमाटा, गाव म्हणेल, पोराने आईचा मान राखला नाही!”

“म्हणू दे. आणखी एक नकोशी नको आपल्या घरात.”

माझी मान खाली गेली.

मी पाद्र्याला ‘झोई’ सांगितलं, म्हणजे जीवन. लोक कुजबुजले. बाहेर आल्यावर बहिणीला हाक मारायला गेलो, पण साठ वर्षं सहज घेतलेलं तिचं नाव माझ्या तोंडून निघेना.