दुसरी द्वादशी

लवूने करुणाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती पाचवीत होती. शिबिराची बाकीची चाळीस पोरं पाण्याकडे धावत सुटलेली, आणि ही एकटी एका खडकापाशी उकिडवी बसून त्यावर दगडाने ओरखडा काढत होती. पालीच्या पोस्टमनची मुलगी. समुद्र त्याआधी तिने एसटीच्या खिडकीतून काय तो पाहिलेला. दुसऱ्या दिवशी तिने लवूला गाठलं आणि विचारलं, काल आठ वाजता पाणी या ओरखड्याला लागलं होतं, आज साडेआठ झाले तरी का नाही?

लवूला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. खारव्यांच्या, दर्यावर वाढलेल्या पोरांना तो विचारावा लागत नसे आणि शहरातल्या पोरांना त्याचं सोयरसुतक नसे. त्याने तिला वाळूत बसवून हिशेब शिकवला. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती पुरी. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. करुणाने बोटं मोडली आणि म्हणाली, म्हणजे द्वादशीला नऊ. लवू खूश झाला. त्या वर्षी तिचं पोहणं कमरेच्या पाण्यापलीकडे गेलं नाही, पण घरी जाऊन त्याने बायकोला, गुणवंतीला, सांगितलं की पालीची ती पोर डोक्याने खारवीण आहे.

पोरांना पोहायला शिकवायचं हे शिबिर आरे-वाऱ्याच्या रस्त्यावरच्या गावात दर मे महिन्यात दहा दिवस भरतं. हरिश्चंद्र मास्तरांनी ते सुरू केलं आणि पस्तीस वर्षं चालवलं. गाव शाळेच्या खोल्या देई, मासळी देई, आणि मुख्य म्हणजे आपली पोरं देई. पाण्यातला सगळा कारभार लवूकडे. पाणी चढत असेल तोवरच पोरं आत, फिरलं की बाहेर, कारण ओहोटीचं पाणी पायाखालची वाळू ओढतं. लवू छातीभर पाण्यात उभा राही आणि त्याच्या पाठीमागे कुणी जायचं नाही, एवढाच नियम. इतक्या वर्षांत एका पोराला कधी खरचटलं नाही.

मास्तरांचे गुडघे गेले तेव्हा त्यांची जागा लवूचा पुतण्या सर्वेश घेणार, हे गावाने धरूनच ठेवलं होतं. सर्वेश मुंबईहून दोन दिवस येई, फोटो काढी आणि जाई. करुणा कॉलेजात असल्यापासून दर मेमध्ये दहाही दिवस राबत होती, पुढे मास्तरीण झाली तरी. मास्तरांनी शेवटच्या दिवशी आपल्या गळ्यातली शिटी काढून तिच्या गळ्यात घातली, आणि सगळ्यांसमोर सांगितलं की पुढच्या वर्षीचा एक मे महिना बघा. गाव पाठीशी राहिलं तर शिबिर चालेल, नाही राहिलं तर बंद करा.

लवूने त्याच क्षणी ठरवलं की पुतण्याला डावलून हे चालू द्यायचं नाही.

गावात बोलणं सुरू झालं. धड पोहता येत नाही आणि दर्यावर हुकूम करणार. काही जण तिच्या तांबे या आडनावावरून बोलले, बौद्धवाडीतून आता शिटी वाजणार म्हणाले. लवू स्वतः तसं काही बोलला नाही. पण बोलणाऱ्यांना गप्पही बसवलं नाही, आणि त्याचं ते न बोलणं करुणापर्यंत बरोबर पोचलं.

पुढच्या मेमध्ये ती आली. लवूही गेला, कारण न जाणं म्हणजे हार. शिबिरात सगळेच ताई, दादा, काका. सर आणि मॅडम हे शब्द तिथे कुणाच्या तोंडी नसत. लवू पहिल्या सकाळपासून तिला मॅडम म्हणू लागला. "मॅडम सांगतील तेव्हा पाण्यात जा रे. आम्हाला काय कळतंय." पोरं खिदळली. दोन दिवसांत गावची सगळी पोरं तिला मॅडम म्हणत होती आणि ती ओ देत होती.

पाचव्या दिवशी ते घडलं. परवा एकादशीचा उपास झाला होता, काल द्वादशी, तेव्हा आज तेरस, म्हणजे भरती पावणेदहाला. लवूचा हिशेब सरळ होता. सात वर्षांपूर्वी त्याने होडीतला वाटा सोडला होता; तेव्हापासून तो दर्यावर जात नव्हता, तिथ्या बोटांवर मोजत होता. सव्वानऊला पोरांची दुसरी तुकडी त्याने पाण्याकडे पिटाळली, आणि करुणाची शिटी वाजली.

ती पोरांच्या आडवी उभी राहिली. कुणी आत जायचं नाही, पाणी मागे चाललंय, म्हणाली.

"पावणेदहापर्यंत चढणार, मॅडम. आमच्या तीन पिढ्या ह्यात गेल्या."

"काका, आज तेरस नाही. द्वादशीच आहे, दुसरी. तुमची तिथी चुकली."

पंचांगात कधीकधी एकच तिथी लागोपाठ दोन दिवस येते. लवूला ते ठाऊक नव्हतं असं नाही. त्याने वाळूकडे पाहिलं. फेसाची रेघ वर राहिली होती आणि तिच्याखाली हातभर ओली पट्टी. मागून कुठलंतरी पोर फिसकन हसलं. लवूने खांद्यावरचा पंचा झटकला आणि तो घराकडे चालू लागला. गावची सव्वीस पोरं त्याच्या मागून गेली.

संध्याकाळी गुणवंती शिबिरातला स्वयंपाक उरकून आली तेव्हा तो ओटीवर बसून होता. त्याने तिला बजावलं, उद्यापासून तिथे जायचं नाही.

"मी पोरांसाठी रांधतंय, तुमच्या रागासाठी नाय," ती म्हणाली. "आणि भिंतीवरचं क्यालेंडर बघा जरा. द्वादशी दोनदा लिवलीय."

त्याने आधीच पाहिलं होतं. ती आत गेल्यावर परत एकदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर सतरा पोरं होती, सगळी बाहेरगावची. लवू वरच्या खडपावर, किनाऱ्याच्या कातळावर, बसून बघत होता. गावचे चारपाच जण येऊन बसले, म्हणाले, संपलं आता, परवा गाशा गुंडाळेल. त्याला बरं वाटलं. मग खाली करुणा सलवार-कमिजावरच पाण्यात उतरली. खडकाला दोर बांधून त्याचं टोक तिने मनगटाला गुंडाळलं होतं. छातीभर पाण्यात, नेमकी त्याच्या जागी, ती जाऊन उभी राहिली. प्रत्येक लाटेला तिचे पाय सुटत होते. दोर ताणत होता. ती परत उभी राहत होती. पोरांकडे बघून मोठ्याने आकडे मोजत होती. खडपावरचे हसले. लवूनेही हसायला बघितलं, पण त्याला ते जमलं नाही.

त्याच्या पुढच्या सकाळी तो उतरला. सरळ पाण्यात गेला आणि तिच्याशेजारी थांबला.

"मॅडम, बाजूला व्हा. ही जागा माझी हाय."

ती झाली. दोर सोडून किनाऱ्याशी गेली. खडपावरच्यांनी तोंडं फिरवली. लवू पाण्यात उभा आहे म्हटल्यावर दुपारपर्यंत आयांनी आपली पोरं परत आणून सोडली, करुणाशी एक शब्द न बोलता.

शिबिर संपलं त्या दिवशी ती लवूच्या दारात आली. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली की काका, सगळ्यांसमोर बोलायला नको होतं मी.

लवू फाटकं जाळं सांधत होता. त्याने मान वर केली नाही. "बोललीस ते बरोबर होतं गो. म्हणून तर तुझं तोंड बघवत नाय."

ती मागे फिरली. गुणवंतीने पाणी आणलं तोवर ती रस्त्याला लागली होती.

त्याला आता चार वर्षं झाली. शिबिर दर मेमध्ये भरतं आणि लवू दर मेमध्ये पाण्यात उभा राहतो. सकाळी करुणा पंचांग बघून वेळ फळ्यावर लिहिते, तो लांबून वाचतो. जरूर पडली तर एकदोन शब्द होतात, त्यात मॅडम असतंच. सर्वेश आता येत नाही. मास्तर गेले तेव्हा दोघं एकाच खोलीत दोन भिंतींना टेकून बसले होते. मग यंदा गावातल्या एका बाईने लवूसमोर करुणाच्या आडनावावरून तोंड सोडलं, तेव्हा तो उठला आणि म्हणाला की पुन्हा बोललीस तर तुझी दोन्ही पोरं पाण्यात घेणार नाय. हे करुणाला कुणी सांगितलेलं नाही, आणि तो सांगणार नाही.

करुणा तांबे आता बेचाळीस वर्षांची आहे. पालीला आईबरोबर राहते, चौथीचा वर्ग शिकवते, आणि मे महिन्यातले दहा दिवस त्या गावच्या शाळेत, बाकं बाजूला सारून, जमिनीवर झोपते.